बर्फाची फळी

हुमनाबादला बर्फ पडत नाही. एवढं सांगायला भूगोलाचे मास्तर लागत नाहीत. पण बसवंतअप्पांना हे ऐकवायला गेलेला माणूस एकच उत्तर घेऊन परत यायचा, "आजपावतर पडला न्हाई म्हणा. पडतच न्हाई असं कामून म्हणायलाव?"

मी उदगीरहून इथल्या शाळेत हिंदी शिकवायला आले आणि अप्पांच्या माडीवर भाड्यानं राहिले. हायवेवरच्या लॉऱ्यांचा आवाज येईल पण धूळ येणार नाही इतक्या अंतरावर दोन घरं समोरासमोर होती. एक अप्पांचं, दुसरं त्यांच्या थोरल्या भावाचं, नागनाथअण्णांचं. मधे खळं. वाटणीत ते अण्णांकडे गेलं होतं. मळणी आता शेतातच मशीननं होते, त्यामुळे खळ्याला वर्षभर काही काम नसायचं. पण घराण्याची रीत अशी की घरची लेक घरच्याच खळ्यावर उजवायची. हायवेला मंगल कार्यालयांची रांग लागली तरी ही रीत मोडली नव्हती. हे खळं नीट लक्षात ठेवा, पुढचा सगळा गोंधळ तिथंच झाला.

अप्पा अंगानं काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. कुठेही गेले की आधी भिंतीवरच्या बटनाला टेस्टर लावून बघायचे, मग पाणी मागायचे. बोलण्याची तऱ्हा त्याहून और. मराठी माणसाशी ते दखनी उर्दूत बोलत, हैदराबादच्या लॉरीवाल्याशी कन्नडमध्ये आणि कानडी माणसाशी मराठीत. का, तर म्हणे समोरच्यानं जरा कान टवकारून ऐकावं. माझ्याशी मात्र मराठीत बोलायचे. "बाई, तुमचं हिंदी लई पुस्तकातलं हाय, माझ्या डोस्क्यात शिरत न्हाई," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं.

घरात नाही नाही त्या वस्तू. करजगीच्या पाहुण्यांकडून आणलेलं मासे धरायचं जाळं होतं. करजगीला नदी जवळ, जाळं शोभतं. आमच्याकडे जवळपास पाणी म्हणजे घरावरची टाकी. पोटाला बांधून पोहायची रबरी ट्यूब होती. एक दुर्बीण होती, तिच्यातून अप्पा समोरच्या भावाच्या अंगणात काय शिजतंय ते बघायचे आणि वाऱ्याची दिशा बघतोय म्हणायचे. कुणी हसलंच तर अप्पांचं ब्रीदवाक्य तयार, "घरात वस्तू हाय ना? मग येळ येतीच." त्यांची बायको शांताअक्का यावर कपाळाला हात लावायची. "ह्यांच्या वस्तूची येळ यायची वाट बघून बघून माझी येळ संपायलीय," म्हणायची.

अशा घरात बॅटरीवरचा छोटा ट्रॅक्टर आला. तो बागेचा. आपल्याकडे कोळपणीला वापरतात तसला नव्हे, परदेशात बंगल्याभोवतीचं गवत कापायला वापरतात तसला. खुर्चीएवढा उंच, पिवळाजर्द, आणि आवाज म्हणाल तर शिलाई मशीनचा. अप्पांनी तो घेतला त्याच्या पुढच्या फळीसाठी. जाहिरातीच्या चित्रात एक गोरा म्हातारा कानटोपी घालून अंगणातला बर्फ त्या फळीनं बाजूला ढकलत होता आणि हसत होता. अप्पांनी ते चित्र कापून देवघराशेजारी लावलं. "बघा बाई, ह्या वयात किती सुखात हाय माणूस," म्हणाले.

ट्रॅक्टर आला त्या दिवशी सगळी गल्ली जमली. नागनाथअण्णाही आले. अण्णा म्हणजे धिप्पाड माणूस, बोलणं कमी, मिशा जास्त. त्यांच्याकडे मोठा डिझेलचा ट्रॅक्टर, नांगर, पेरणीयंत्र, सगळं जिथल्या तिथं. त्यांनी पिवळ्या ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि विचारलं,

"ही फळी कशाला रे?"

"बर्फ ढकलायला."

गल्ली हसली. अण्णा हसले असते तर निभावलं असतं. ते हसले नाहीत. "बसू, हे खेळणं हाय. ह्याला मी जल्मात हात लावणार न्हाई," म्हणाले आणि वळले.

भरल्या गल्लीत अप्पांनी मागून आवाज दिला, "मग तूबी ऐक अण्णा! तू सोताच्या तोंडानं बोलावल्याबिगर मी तुझ्या खळ्यावर पाय ठेवणार न्हाई!"

झालं. त्या दिवसापासून दोन भावांत अबोला. दोन्हीकडच्या बायका मात्र रोज खळ्याच्या कडेला उभ्या राहून भाजीची देवाणघेवाण करत आणि नवऱ्यांच्या चुगल्याही. अण्णांची पोरगी पल्लवी तर दिवसातून दोनदा काकाकडे यायची. अप्पांना मूलबाळ नव्हतं. पल्लवीला सायकल अप्पांनी शिकवली, पोहायला शिकवायचंही ठरवलं होतं, ती रबरी ट्यूब तिच्यासाठीच आणलेली. विहिरीत पाणी नव्हतं म्हणून राहिलं.

गल्लीला नवा उद्योग मिळाला. "अप्पा, बर्फ कधी पडायलाय?" हे रामराम घातल्यासारखं विचारायचे लोक. अप्पा आभाळाकडे बघून सांगायचे, "बघू की. ह्या हप्त्यात तर दिसंना."

आता म्हणाल, बर्फ नसला तरी ट्रॅक्टरनं दुसरं काही काम केलं असेल. तेही नाही. त्याला कारण एक चिटकवलेली पट्टी. ट्रॅक्टरच्या पाठीमागे, खुर्चीच्या खाली, हिंदीत एक सूचना होती म्हणे. म्हणे म्हणायचं कारण, ट्रॅक्टर कायम पत्र्याच्या शेडात भिंतीला पाठ लावून उभा, त्यामुळे मी ती कधी बघितली नव्हती. अप्पांनी मला तिचा अर्थ सांगितला होता, "ओल्यात चालवू नका." आणि तो अर्थ ते धर्मासारखा पाळायचे. शेताला पाणी दिलेलं असलं की ट्रॅक्टर नाही. सडा घातलेला असला की अंगण वाळेपर्यंत ट्रॅक्टर नाही. पावसाळ्याचे चार महिने तर तो शेडातसुद्धा छत्री पांघरून उभा. धुतला कधीच नाही, कोरड्या फडक्यानं पुसायचे.

शांताअक्काचं माहेर कन्नड बोलणारं. तिनंही ती पट्टी वाचली होती आणि तिचा अर्थ वेगळाच लागला होता. "आमच्यात ओले म्हंजे चूल," ती मला म्हणाली. "चुलीपाशी नेऊ नका असं लिवलंय. बॅटरी हाय ना, भडका उडंल." म्हणून शेडाशेजारची अंघोळीच्या पाण्याची चूल तिनं उचलून पार मागच्या दाराला नेली. हिवाळ्यात गरम पाण्याची बादली घेऊन सगळं घर ओलांडताना ती ट्रॅक्टरला कन्नडमध्ये जे काही म्हणायची ते मी इथं लिहीत नाही.

एकदा अप्पा मला हायवेच्या ढाब्यावर घेऊन गेले. हिमाचलचा लॉरीवाला आलाय असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, आणि त्याच्याशी शुद्ध हिंदीत बोलायला मी हवी होते. लॉरीवाला बिचारा रोटी खात होता. अप्पा त्याच्यासमोर बसले आणि मला म्हणाले, "इचारा, तुमच्याकडं बर्फ कसा काढतेत? फळी वाकडी धरायची का सरळ?"

मी विचारलं. त्यानं तोंडातला घास गिळला. मग म्हणाला, "हटाते कहाँ हैं बहनजी, धूप में पिघल जाता है।"

"काय म्हणायलाय?"

"उन्हात आपोआप वितळतो म्हणतोय."

अप्पा उठले. "आळशी हाय," म्हणाले. "चला."

अशात पल्लवीचं लग्न ठरलं. मुलगा निंबर्ग्याचा, शेती चांगली, माणसं साधी. मुहूर्त एप्रिलमधला, गोरज. सगळ्या गल्लीत एकच चर्चा, अप्पा खळ्यावर जाणार का? अण्णांनी पत्रिका पाठवली ती पुरोहिताच्या हातून. पत्रिकेत निमंत्रकांच्या जागी अप्पांचं नाव ठळक छापलेलं होतं. अप्पांनी ती वाचली, घडी केली आणि म्हणाले, "छापलंय. बोलावलं न्हाई."

पल्लवी रडली, शांताअक्का भांडली, मीसुद्धा माझ्याकडून पुस्तकी मराठीत समजावून पाहिलं. अप्पांचा चेहरा उतरलेला होता, पण मान ताठ. "बाई, मला काय हौस हाय का? तिनं पहिलं पाऊल टाकलं ते माझं बोट धरून. पण त्यानं एक शब्द बोलावा. एकच. 'ये' म्हणावं. ह्यात अण्णाचं काय जायलंय?" असं म्हणत ते टेस्टर काढून उगाच बटनं तपासत फिरू लागले.

लग्नाच्या दिवशी खळ्यावर मांडव उभा. अप्पा सकाळपासून नवं धोतर, फेटा, कपाळाला गंध लावून तयार, आणि बसले कुठं, तर ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टर त्यांच्या हद्दीत, अगदी खळ्याच्या कडेला लावलेला. तिथून सगळं दिसत होतं. पाहुण्यांची पोरं जवळ आली की अप्पा त्यांना हद्दीतल्या हद्दीत चक्कर मारून आणायचे. दुपारपर्यंत त्यांनी निम्मी बॅटरी चकरांत घालवली.

दुपार कलली आणि भालकीच्या बाजूनं आभाळ काळंनिळं होऊन आलं. वारा सुटला, मांडवाचं कापड फडफडलं, आणि मग पत्र्यांवर कुणीतरी खडी ओतावी तसा आवाज सुरू झाला. गारा! आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. माणसं मिळेल त्या आडोशाला पळाली. मांडवाच्या कापडात गारांची ओझी साठली, कापड फाटलं आणि सगळा ढीग धाडकन खळ्यावर आला. लाईट गेली. आभाळ मोकळं झालं तेव्हा खळं पांढरंशुभ्र होतं, कुठं घोट्याएवढं, मधे बोहल्यापाशी गुडघ्याएवढं. कुणाला लागलं नाही हे नशीब. निंबर्ग्याचं वऱ्हाड हायवेच्या ढाब्यावर अडकलं होतं आणि गोरज मुहूर्त काही थांबणार नव्हता.

अण्णा ओट्यावर डोक्याला हात लावून बसले. त्यांचा मोठा ट्रॅक्टर आणावा तर मांडवाचे खांब आडवे होणार.

तेवढ्यात शिलाई मशीनचा आवाज आला.

गारा लागताच ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडात नेऊन ठेवलेले अप्पा, आता ओल्याचा नियम विसरून, फेट्यासकट बाहेर निघाले होते. फळी खाली टाकलेली, पाठ ताठ, तोंडावर त्या चित्रातल्या गोऱ्या म्हाताऱ्याचं हसू. खळ्याच्या कडेला येऊन ते क्षणभर थांबले आणि कुणाकडेही न बघता मोठ्यानं म्हणाले, "मी आलो न्हाई. ट्रॅक्टर आलाय. माझा पाय खळ्याला लागणार न्हाई!" आणि घुसले.

पहिली ओळ झोकात निघाली. गारा फळीपुढे सरकल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. अप्पांनी फेटा सावरला. दुसऱ्या ओळीला फळी गारांच्या वर चढली आणि ट्रॅक्टर पुढून उचलल्यासारखा झाला. मागे घेतला तर चाकं जागच्या जागी गरगर फिरली आणि उडालेल्या गारा आचाऱ्याच्या पाठीत बसल्या. फळी वाकडी धरली तर ट्रॅक्टरच वाकडा जाऊन बोहल्यावर टेकला. सरळ धरली तर ढीग पुढे पुढे वाढत गेला आणि शेवटी ढिगानंच ट्रॅक्टर अडवला. अप्पा त्याला कन्नडमध्ये चुचकारत होते, दखनीत शिव्या देत होते. दरम्यान चार बाया पदर खोचून घमेली घेऊन आल्या आणि त्यांनी बोलता बोलता एक कोपरा लख्ख केला. त्यांच्याकडे अप्पांनी बघितलंही नाही.

मग शिलाई मशीनचा आवाज बारीक होत होत बंद पडला. बॅटरी संपली. लाईट नाही, चार्ज होणार नाही. बरोबर खळ्याच्या मधोमध, बोहल्याच्या वाटेत, पिवळा ट्रॅक्टर आणि त्यावर फेटा बांधलेले अप्पा.

"अप्पा, उतरा खाली! रिकामा ढकलून काढू," कुणीतरी म्हणालं.

"उतरणार न्हाई. उतरलो की पाय लागतोय."

"मुहूर्त जायलाय अप्पा!"

"मग मला बसल्याजागी ढकला!"

आम्ही ढकलायला मागे गेलो. मी, आचारी, नवरीचा मामा, आणखी दोघं. ट्रॅक्टर जागचा हलेना. मी खाली वाकून जोर लावत होते आणि माझ्या नाकासमोर ती पट्टी आली. कोरड्या फडक्यानं पुसून पुसून स्वच्छ ठेवलेली. तिच्यावर लिहिलं होतं, 'ओले में न चलाएँ।'

मी ढकलायचं सोडून दिलं आणि मटकन गारांत बसले. हसू आवरेना.

"काय झालं बाई?"

"अप्पा, हे मराठीतलं ओलं नाही! हिंदीत ओले म्हणजे गारा! गारांत चालवू नका असं लिहिलंय!"

जे एक करू नका म्हणून लिहिलं होतं, तेवढंच अप्पांनी केलं होतं, आणि बाकीची सगळी वर्षं ट्रॅक्टर छत्रीखाली काढला होता. ओट्यावरून शांताअक्काचा आवाज आला, "म्हंजे चूलबी न्हाई? तुमच्या ट्रॅक्टरपायी माझी चूल मी उगाच मागं नेली?"

मला वाटलं अप्पा खचतील. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. ते खुर्चीवर अर्धवट उठले आणि सगळ्यांकडे बोट फिरवत ओरडले, "बघा! बघा की! कंपनीला ठाऊक व्हतं हुमनाबादला गारा पडतेत! त्यांनी आधीच लिवून ठिवलंय! आन् तुमी मलाच हसायलाव इतकी वर्सं!"

यावर ओट्यावरून एक विचित्र आवाज आला, खोकल्यासारखा. अण्णा हसत होते. मिशांतून, पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसत हसतच ते खाली उतरले, गारा तुडवत आले, ट्रॅक्टरच्या मागे उभे राहिले. आम्ही सगळे त्यांच्या हातांकडे बघत होतो. अण्णांनी हाताची घडी घातली, घट्ट, बोटं काखेत. मग वळले, आणि पाठ लावली.

हात लावणार नाही म्हणाले होते. पाठीचं काही ठरलं नव्हतं.

अण्णांनी पाठीनं रेटा दिला, आम्ही हातांनी. ट्रॅक्टर करकरला, पण हलला नाही. अण्णांचा चेहरा लालबुंद झाला, आणि इतक्या वर्षांचा अबोला त्यांच्या तोंडून फुटला,

"आरं बसू, बिरेक सोड की गाढवा!"

अप्पांनी खाली बघितलं. पाय ब्रेकवरच होता, केव्हापासून.

ब्रेक सुटला तसा ट्रॅक्टर फळीसकट सुसाट निघाला. पुढे गारांचा ढीग, वर अप्पा, मागे पाठमोरे अण्णा आणि आम्ही. बोहल्यापासून खळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत एक सरळ, रुंद, काळीशार वाट झाली. नवरीला चालत यायला तेवढी पुरे होती, आणि तोवर ढाब्यावरचं वऱ्हाडही येऊन पोचलं. फळीनं आयुष्यात एकदाच काम केलं, आणि तेही बॅटरीशिवाय.

"अण्णा बोलले! अण्णा बोलले!" शांताअक्का टाळ्या वाजवायला लागली.

"बोलला न्हाई, वरडला," अप्पा खुर्चीवरून म्हणाले. "आन् बोलावलं तर न्हाईच."

अण्णा धापा टाकत उभे होते. कपाळावरचा घाम पुसला, हात पुन्हा काखेत घातले. पल्लवी हिरव्या शालूत दाराच्या उंबऱ्यावर येऊन थांबली होती. ती काकाकडे बघत होती, बापाकडे बघत होती. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"बसू," ते म्हणाले, "ये. पोरीला घिऊन ये बोहल्यावर. तूच घिऊन ये."

अप्पा उतरले. आधी उजवा पाय, मग डावा. नवे जोडे घसरले, तसे ते जोडे काढून अनवाणी गारांतून चालत गेले आणि पुतणीचं बोट धरून त्या वाटेनं आले. मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आचारीही रडला, पण त्याच्या पाठीला लागलंही होतं.

मुहूर्त थोडा टळला, भटजींनी कानाडोळा केला. पोरांनी अक्षता संपल्यावर गारा टाकल्या. उरलेल्या गारा रात्रीच्या पंगतीपर्यंत आपोआप वितळून गेल्या. मी हिमाचलच्या लॉरीवाल्याची आठवण करून दिली, तर अप्पा म्हणाले, "उरलेल्या वितळल्या. कामाच्या मीच काढल्या."

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. दोघा भावांत बोलणं सुरू झालं होतं, पण अण्णांचा शब्द कायम होता. त्या ट्रॅक्टरला त्यांनी अजून हात लावला नव्हता, आणि अप्पांचा जीव तेवढ्यासाठी तळमळत होता. "आता एकच राहिलंय बाई," निरोप घेताना ते माझ्या कानात म्हणाले. "घरात ट्रॅक्टर हाय, तर येळ येतीच."

सामान घेऊन मी हायवेच्या फाट्यावर बसची वाट बघत होते. समोरच्या रस्त्यानं पिवळा ट्रॅक्टर आला. आदल्या रात्री पाऊस होऊन गेलेला, रस्ता चांगला ओला, आणि त्यातून अप्पा बेधडक चालले होते. चाकावरच्या पत्र्यावर नागनाथअण्णा बसलेले, बाजाराला निघालेले. हात काखेत घट्ट. बूड टेकलं होतं, पण बूड म्हणजे हात नव्हे.

पुढे रस्त्यावर मोठा ब्रेकर होता. अप्पांना तो माहीत होता, रोजचा रस्ता. त्यांनी माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला आणि वेग वाढवला.

ट्रॅक्टर उडाला. अण्णांचे दोन्ही हात काखेतून सुटले. एकानं खुर्चीची पाठ पकडली आणि दुसऱ्यानं भावाचा खांदा.

ब्रेकर मागे पडला तरी हात तिथंच होते. अप्पांनी वळून बघितलं नाही. हॉर्न मात्र पुढच्या वळणापर्यंत वाजत राहिला.